डॉ. थॉमस चामर्स आणि एडिनबरोची सभा

पाळकसाहेब वार्षिक सभेला निघाले की काय काय होते ते आपल्या मंडळ्यांना चांगले ठाऊक आहे. पिशवी भरली जाते, रविवारच्या उपासनेची जबाबदारी एखाद्या वडिलांकडे सोपवली जाते, शब्बाथशाळेच्या शिक्षकांना चार सूचना होतात आणि पाळकसाहेब गाडीला बसतात. परत आल्यावर ते जो अहवाल सांगतात त्यात ठराव असतात, नेमणुका असतात, जमाखर्च असतो. मंडळी ऐकून घेते आणि बहुधा विसरून जाते. सभेत बसलेल्या त्या माणसाचे तिथे स्वतःचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही.

स्कॉटलंडचे डॉ. थॉमस चामर्स यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न माझ्या मनात पुन्हा पुन्हा आला. त्यांच्या आयुष्यातली मोठी वळणे त्यांच्या देशाच्या मंडळीच्या वार्षिक सभेशी अशी काही निगडित आहेत की, सभा वगळली तर चरित्रच उरत नाही. त्यांचे जावई विल्यम हॅना यांनी त्यांचे चरित्र चार खंडांत लिहिले आहे. ते सर्व येथे सांगणे शक्य नाही आणि तसा माझा हेतूही नाही. सभेच्या दारातून चामर्स कसे आत गेले आणि कसे बाहेर पडले, एवढेच मुख्यतः सांगायचे आहे.

प्रथम ही सभा म्हणजे काय ते पाहू. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय मंडळीत बिशप नाहीत. प्रत्येक स्थानिक मंडळीचा कारभार पाळक आणि वडील मिळून पाहतात. त्यावर प्रेसबिटरी, पूर्वी तिच्यावर सिनॉडही असे, आणि सर्वांवर जनरल असेंब्ली, म्हणजे सर्वसाधारण सभा. ही सभा दरवर्षी मे महिन्यात एडिनबरो शहरी भरते. प्रेसबिटऱ्यांनी निवडून पाठवलेले पाळक आणि वडील तिचे सभासद असतात, त्यामुळे प्रत्येक पाळकाला दरवर्षी जाण्याची संधी मिळतेच असे नाही. एका वर्षापुरता मॉडरेटर निवडला जातो. राजाचा प्रतिनिधी उच्चासनावर बसतो, पण त्याला मत नसते. चामर्स यांच्या काळी त्या देशाची स्वतंत्र पार्लमेंट राहिलेली नव्हती, ती १७०७ सालीच लंडनच्या पार्लमेंटमध्ये विलीन झाली होती. साहजिकच देशाचे लोक आपले म्हणणे कुठे मांडले जाते ते पाहायला या सभेकडेच डोळे लावून असत.

थॉमस चामर्स यांचा जन्म १७ मार्च १७८० रोजी फाइफ परगण्यातील अँस्ट्रदर या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील व्यापारी होते, आणि चौदा भावंडांत थॉमस सहावे. वयाची बारा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच त्यांनी सेंट अँड्रूज विद्यापीठात नाव घातले. त्यांना गणिताचे वेड होते. पाळक होण्याचा मार्ग त्यांनी धरला खरा, पण मन भूमिती आणि रसायनशास्त्रात. उपदेश करण्याचा परवाना साधारणपणे एकविसाव्या वर्षी मिळे, यांना तो १७९९ साली एकोणिसाव्या वर्षीच, खास सवलत म्हणून देण्यात आला. १८०३ च्या मे महिन्यात किलमनी नावाच्या एका लहानशा खेड्याच्या मंडळीवर त्यांची दीक्षा झाली.

किलमनी सेंट अँड्रूजपासून फार दूर नव्हते. चामर्स रविवारी उपदेश करीत आणि बाकीचे दिवस सेंट अँड्रूजमध्ये गणित व रसायनशास्त्राचे खासगी वर्ग चालवीत. प्रेसबिटरीने नाराजी दाखवली, पण हे ऐकणारे नव्हते. १८०५ साली एडिनबरो विद्यापीठातील गणिताच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली. त्या वेळी प्लेफेअर या प्रसिद्ध प्राध्यापकांनी असे मत दिले की, पाळकी करणाऱ्याकडून गणिताची खरी सेवा होत नाही. चामर्स यांना राग आला. त्यांनी नाव न घालता एक चोपडी छापली आणि स्वतःच्या अनुभवावरून असे ठासून लिहिले की, पाळकाने आपल्या मंडळीचे काम समाधानकारक रीतीने उरकले तरी त्याला आठवड्यातले पाच दिवस शास्त्राभ्यासासाठी अगदी मोकळे मिळतात.

हे पाच दिवस वाचकांनी लक्षात ठेवावेत. ते पुढे वीस वर्षांनी एडिनबरोच्या सभेत परत येणार आहेत.

सभेत चामर्स यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो १८०९ साली. विषय होता पाळकांच्या वेतनवाढीचा. तरुण चामर्स जोरदार बोलले, भाषण लोकांच्या लक्षात राहिले आणि या खेड्यातल्या पाळकाचे नाव राजधानीत झाले. वेतन हा विषय क्षुद्र आहे असे मी म्हणत नाही. पाळकाच्या घरीही चूल पेटावी लागते, आणि आपल्यातल्या किती पाळकांच्या घरी ती कशी पेटते हे आपण जाणतो. तरीही त्या वर्षी त्यांच्या बोलण्यात जे तेज होते ते बुद्धीचे होते. अंतःकरणाला अजून काही झालेले नव्हते.

तेही लवकरच झाले. त्या अगोदरच्या काही वर्षांत क्षयाने त्यांचा एक भाऊ आणि एक बहीण नेली होती. सभेहून परतल्यावर थोड्याच दिवसांत चामर्स स्वतः अंथरुणाला खिळले. चार महिने ते खोलीबाहेर पडले नाहीत, आणि सहा महिन्यांहून अधिक काळ उपदेशपीठावर चढले नाहीत. गणितज्ञाला पडून राहण्याखेरीज काम नव्हते. जवळ आलेल्या मरणाकडे पाहता पाहता आजवरच्या धडपडीचा हिशोब जुळेना. विल्बरफोर्स यांचे ख्रिस्ती जीवनावरील पुस्तक त्यांनी या काळानंतर वाचले आणि आपल्या सत्कृत्यांवर भरवसा ठेवून देवासमोर उभे राहता येणार नाही, हे त्यांना उमगले. १८११ च्या सुमारास किलमनीच्या लोकांना आपला पाळक निराळा माणूस झाल्याचे दिसू लागले.

त्यांच्या शेजारी जॉन बॉन्थ्रन नावाचा एक म्हातारा राहत असे. तो पूर्वी आला की चामर्स नेहमी कशात तरी गढलेले दिसत, पण ते रविवारच्या तयारीत कधीच नसत. त्याने एकदा ते बोलूनही दाखवले होते, तेव्हा शनिवारी संध्याकाळी तासदोन तास दिले की पुरतात असे उत्तर त्याला मिळाले होते. आजारानंतर तोच म्हातारा म्हणू लागला की, मी केव्हाही आलो तरी तुम्ही आपले पवित्र शास्त्र उघडून बसलेले. त्यावर चामर्स यांचे म्हणणे असे पडले की, जॉन, हे सगळे मिळूनही फार थोडेच आहे. पाळकाची परीक्षा कोण कुठून करीत असते ते सांगता येत नाही!

१८१५ साली ते ग्लासगोच्या ट्रॉन चर्चला गेले. तेथील उपदेशांची कीर्ती एवढी झाली की गुरुवारी भर दुपारी व्यापारी दुकाने सोडून देवळात येऊन बसत. आकाशस्थ गोलांवर त्यांनी दिलेले उपदेश १८१७ साली पुस्तकरूपाने निघाले, आणि वर्षाच्या आत त्याच्या जवळजवळ वीस हजार प्रती खपल्या. गणिताचे वेड वाया गेले नव्हते, ते सेवेला लागले होते. पण या कीर्तीने ते सुखावले नाहीत. त्यांच्या हद्दीत सुमारे ११,००० माणसे राहत होती. चामर्स यांनी घरोघर जाऊन पाहिले, तेव्हा त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याचा कोणत्याही मंडळीशी संबंध नसल्याचे आढळले. देऊळ भरलेले आणि गल्ली रिकामी, ही गोष्ट त्यांना सहन होईना.

म्हणून १८१९ साली त्यांनी मुद्दाम सेंट जॉन्स ही गिरणी कामगारांची, गरीब वस्तीची मंडळी घेतली. या भागाकडे आपल्या शब्बाथशाळा शिक्षकांचे लक्ष वेधावेसे वाटते. दोन हजार कुटुंबांची ही वस्ती त्यांनी २५ विभागांत वाटली आणि प्रत्येक विभागावर एक डीकन नेमला. चाळीस ते पन्नास शब्बाथशाळा निघाल्या, एका मोठ्या दालनात नव्हे तर त्या त्या गल्लीत. शिक्षकाने आपली गल्ली सोडून बाहेरची मुले गोळा करायची नाहीत आणि आपल्या गल्लीतले एकही मूल सोडायचे नाही, असा शिरस्ता पडला. हजारावर मुले येऊ लागली. शिक्षक दारात येतो, आईला नावाने ओळखतो, मूल दोन रविवार आले नाही तर चौकशी करतो. एवढीच साधी युक्ती होती.

गरिबांच्या मदतीचेही काम डीकनांकडे दिले. सरकारी कर न घेता केवळ मंडळीच्या दानावर ते चालवून वर्षाचा १,४०० पौंडांचा खर्च २८० पौंडांवर आणल्याचा हिशोब चामर्स यांनी दिला. या हिशोबाविषयी त्या काळीच वाद झाला आणि आजचे इतिहासकारही त्याकडे संशयाने पाहतात. डीकनांपैकी काही जण सधन होते आणि ते खिशातून पैसे घालीत. चामर्स गेल्यावर काही वर्षे तो प्रयोग चालला आणि १८३७ साली बंद पडला. दारिद्र्याची कारणे गिरण्यांच्या मंदीत आणि मजुरीच्या दरातही असतात, हे त्यांनी पुरेसे ओळखले नाही असे मला वाटते. मोठ्या माणसाचे मोठेपण सांगताना हेही सांगितले पाहिजे.

१८२३ साली ते सेंट अँड्रूज विद्यापीठात नीतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. आणि आता १८२५ ची सभा.

त्या वर्षी सभेपुढे प्रश्न होता एका माणसाने दोन जागा धरण्याचा. मंडळीचा पाळक असताना विद्यापीठात प्राध्यापकही असावे की नसावे? पूर्वीपासून तसे चालत आले होते आणि पुष्कळांना ते सोयीचे होते. चामर्स विरोधात उभे राहिले. पाळकाचे काम हे पूर्ण माणसाला पुरून उरणारे काम आहे, त्याचा उरलासुरला वेळ दुसऱ्याला विकता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. तेव्हा विरुद्ध पक्षाचे एक सभासद उठले. त्यांच्या हातात वीस वर्षांपूर्वीची ती निनावी चोपडी होती. त्यांनी त्यातला पाच मोकळ्या दिवसांचा मजकूर भरसभेत वाचून दाखवला. चोपडी कोणाची हे बहुतेकांना माहीत होते. सगळ्यांचे डोळे चामर्स यांच्याकडे वळले.

अशा वेळी माणसाला पळवाटा पुष्कळ असतात. चोपडीवर नाव नव्हते. वय पंचवीस होते. संदर्भ वेगळा होता असे म्हणता आले असते, किंवा विरोधकाच्या वृत्तीवर बोलून टाळ्या घेता आल्या असत्या. चामर्स यांनी यातले काही केले नाही. ते उठले आणि त्यांनी सांगून टाकले की ती चोपडी माझीच. तेव्हाचे माझे म्हणणे चुकीचे होते, आणि ते आज सर्वांसमोर कबूल करण्याची संधी मिळाली याबद्दल मी आभारी आहे, असे ते बोलले. मग गणिताच्याच भाषेत त्यांनी आपला दोष मांडला. परिमाणे आणि त्यांची प्रमाणे हा ज्या शास्त्राचा विषय त्यात मी रमलो होतो, परंतु दोन परिमाणे हिशोबातून गाळून बसलो होतो. काळ किती थोडा आहे, हे एक. आणि अनंतकाळ किती मोठा आहे, हे दुसरे. एवढे बोलून ते खाली बसले. पुढे पुष्कळ वर्षे लोक त्या क्षणाच्या शांततेची आठवण काढीत असत.

त्या दिवशी त्यांनी वाद जिंकला की हरला याला मी फारसे महत्त्व देत नाही. सभेत आपण इतरांच्या चुका दुरुस्त करायला जातो. चामर्स यांची स्वतःचीच चूक तिथे त्यांची वाट पाहत बसली होती.

सेंट अँड्रूजच्या त्या वर्षांत त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा एक लहानसा गट जमला. त्यांतील अलेक्झांडर डफ पुढे कलकत्त्यास आले, आणि रॉबर्ट नेस्बिट १८२७ साली मुंबईस. नेस्बिट यांनी हर्णै-बाणकोटच्या बाजूस कोकणात आणि नंतर मुंबईत काम केले. त्यांच्या अस्खलित मराठीचे लोकांना नवल वाटत असे. १८५५ साली पटकीच्या आजाराने मुंबईतच त्यांचा अंत झाला. म्हणजे आपल्या कोकणपट्टीत जी सुवार्ता सांगितली गेली तिचा एक धागा चामर्स यांच्या वर्गापर्यंत जाऊन पोचतो.

१८२८ साली चामर्स एडिनबरोला ईश्वरज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि १८३२ साली सभेने त्यांना मॉडरेटर निवडले. येथून पुढची हकिकत एका माणसाची न राहता एका देशाची होते.

स्कॉटलंडमध्ये १७१२ सालच्या कायद्याने पाळक नेमण्याचा हक्क बहुतेक ठिकाणी जमीनदाराकडे किंवा सरकारकडे होता. जमीनदार नाव सुचवी. मंडळीने त्या नावाला संमतीपत्र द्यायचे असे, परंतु कोणी सही केली नाही तरी नेमणूक होऊन जाई. गुरे कोणाची आणि गुराखी कोण नेमतो, असा प्रकार. १८३३ च्या सभेत चामर्स यांनी ठराव आणला की, मंडळीतील बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनी नकार दिला तर तो पाळक त्यांच्यावर लादू नये. ठराव अवघ्या १२ मतांनी पडला. पुढच्या वर्षी तशाच आशयाचा नियम सभेने मंजूर केला.

लगेच त्याची कसोटी लागली. ऑक्टरार्डर या गावी जमीनदाराने जो उमेदवार दिला त्याला ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी नकार दिला. त्याच्या संमतीपत्रावर गावातल्या दोघांच्या सह्या होत्या. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले. १८३८ साली न्यायालयाने आणि १८३९ साली लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की, मंडळीला असा नियम करण्याचा अधिकारच नाही. मार्नोक येथे तर याहून विलक्षण घडले. तेथे संमतीपत्रावर गावातील एकट्या खाणावळवाल्याची सही होती. तरी न्यायालयाच्या हुकुमावरून १८४१ च्या जानेवारीत, बर्फ पडलेले असताना, पाळकाला बसवण्याचा विधी झाला. मंडळीच्या लोकांनी निषेध वाचला, आपापली पवित्र शास्त्रे उचलली आणि ते देवळाबाहेर बर्फात निघून गेले. हा विधी करणाऱ्या सात पाळकांना त्याच वर्षी सभेने पदच्युत केले. तो ठराव चामर्स यांनीच मांडला होता.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. चामर्स हे सरकारशी भांडण्याची हौस असलेले गृहस्थ नव्हते. राज्याने मंडळीला आधार द्यावा, कारण त्याशिवाय गरीब वस्तीपर्यंत पाळक पोचणार नाही, असे त्यांचे पक्के मत होते. १८३८ साली लंडनला जाऊन त्यांनी याच मताच्या समर्थनार्थ व्याख्याने दिली होती. राष्ट्रीय मंडळीसाठी वर्गणी जमवून सात वर्षांत तीन लाखांवर पौंड आणि दोनशेवर नवी देवळे त्यांनी उभी केली होती. ज्या घराच्या भिंती आपण बांधल्या त्या घरातून निघण्याची पाळी त्यांच्यावर येत होती. पैसा आणि इमारतीच्या बाबतीत आम्ही न्यायालयाचे ऐकू, पण कोणत्या मंडळीवर कोणाला पाळक म्हणून हात ठेवायचे हे ख्रिस्ताच्या मंडळीने ठरवायचे, एवढ्या एका जागी ते थांबले आणि हलले नाहीत.

१८४२ च्या नोव्हेंबरात एडिनबरोला पाळकांची एक खास बैठक झाली. साडेचारशेच्या आसपास पाळक आले. चामर्स यांनी आरंभी ११२ व्या स्तोत्रातील चौथ्या वचनावर उपदेश केला. मग दारे बंद करून कित्येक दिवस चर्चा चालली. सरकारने मागणी नाकारली तर बाहेर पडायचे काय? बाहेर पडणे म्हणजे वेतन गेले, राहते घर गेले, देऊळ गेले. बैठकीला आलेले पुष्कळ जण खेड्यातले, लेकुरवाळे होते. चामर्स यांनी त्यांच्यापुढे एक हिशोब ठेवला. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, तो सर्व पैसा एका मध्यवर्ती निधीत जमावा आणि त्यातून शहरातल्या व डोंगरातल्या पाळकाला सारखाच वाटा मिळावा. पुष्कळांना तो हिशोब म्हणजे स्वप्न वाटले.

१८ मे १८४३. जॉर्ज स्ट्रीटवरील सेंट अँड्रूज चर्चमध्ये सभा भरली. सकाळपासून सज्जे माणसांनी भरले होते. राजप्रतिनिधी येऊन बसले. मावळते मॉडरेटर डॉ. वेल्श यांनी प्रार्थनेने आरंभ केला, आणि सभासदांची यादी करण्यापूर्वीच हातातला निषेधाचा कागद वाचायला घेतला. या परिस्थितीत ही सभा स्वतंत्र राहिलेली नाही, असा त्याचा आशय. वाचन झाल्यावर त्यांनी कागद टेबलावर ठेवला, राजप्रतिनिधीला लवून नमस्कार केला आणि ते दाराकडे चालू लागले. चामर्स त्यांच्या डाव्या बाजूला उभे होते. कुठल्याशा विचारात हरवल्यासारखे ते क्षणभर तसेच राहिले, मग जागे झाल्यासारखी त्यांनी टोपी उचलली आणि लगबगीने वेल्श यांच्या मागे निघाले. त्यांच्यामागे एकेक बाक रिकामा होऊ लागला. चाळीस-पन्नास जण जातील असे सरकारी लोकांना वाटत होते. सुमारे दोनशे सभासद उठून गेले.

बाहेर रस्त्याच्या दुतर्फा गर्दी होती. तिघातिघांच्या रांगा करून पाळक व वडील उतारावरून कॅननमिल्सच्या टॅनफील्ड हॉलकडे चालत गेले. ही जागा म्हणजे पूर्वी गॅसच्या कारखान्यासाठी बांधलेली एक मोठी बसकी इमारत. सभासद नसलेले इतर पाळकही येऊन मिळाले. चामर्स यांना मॉडरेटर निवडण्यात आले. त्यांनी ४३ वे स्तोत्र गायला सांगितले. ढगाळलेल्या आकाशातून नेमके त्याच वेळी ऊन आत पडले, असे तेथे असलेल्यांनी लिहून ठेवले आहे. पाच दिवसांनी पाळकांनी आपल्या जागा सोडल्याच्या कागदावर सह्या केल्या. सुमारे १,२०० पाळकांपैकी शेवटी ४७४ जण बाहेर पडले. १८०९ साली याच शहरात वेतनवाढीसाठी बोललेला तरुण त्यांच्या अग्रभागी होता, आणि त्याने स्वतःची प्राध्यापकीही सोडली होती.

ज्या गोष्टीला स्वप्न म्हटले होते ती चालली. पेन्या जमल्या. परंतु पैसा असूनही कित्येक ठिकाणी जमीनदारांनी देवळासाठी हातभर जागा दिली नाही. लोक उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, समुद्राच्या वाळूत उपासना करीत. स्ट्रॉन्टियन येथे जमिनीवर जागा मिळेना म्हणून खाडीत नांगरलेले तरंगते देऊळ करावे लागले. (जमीनदारांचा तो हक्क अखेर १८७४ साली कायद्याने गेला, आणि दुभंगलेल्या मंडळीचा मोठा भाग १९२९ साली पुन्हा एक झाला. चामर्स यांना यातले काहीच पाहायला मिळाले नाही.)

एक डागही सांगितला पाहिजे. या नव्या फ्री चर्चने १८४४ साली मदत मागण्यासाठी अमेरिकेस प्रतिनिधी पाठवले. मिळालेल्या पैशांत सुमारे ३,००० पौंड दक्षिणेकडील, गुलाम बाळगणाऱ्या प्रांतांतले होते. स्वतः गुलामगिरीतून सुटून आलेले फ्रेडरिक डग्लस १८४६ साली स्कॉटलंडभर फिरले आणि तो पैसा परत करा अशी त्यांनी मागणी केली. गुलामगिरी वाईट आहे हे चामर्स यांना मान्य होते, परंतु त्या मंडळ्यांशी संबंध तोडायला ते तयार झाले नाहीत. पैसा परत गेला नाही. मंडळीच्या स्वातंत्र्यासाठी सर्वस्व सोडणाऱ्यांना दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची ही हाक ऐकू येऊ नये, याचे दुःख वाटते.

एडिनबरोत झालेल्या फुटीचा तडाखा आपल्याकडेही बसला. मुंबई व पुण्यातील स्कॉटिश मिशनरींनी, डॉ. जॉन विल्सन, नेस्बिट, मरे मिचेल आणि त्यांच्या सोबत्यांनी, फ्री चर्चचा पक्ष घेतला. तेव्हा मुंबईत शाळेसाठी बांधून होत आलेली नवी इमारत त्यांना सोडून द्यावी लागली. भाड्याच्या जागेत पुन्हा आरंभ झाला. ती शाळा पुढे विल्सन कॉलेज झाली. पुढे जालन्याजवळ बेथेल वसवणारे रेव्ह. नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा त्याच १८४३ सालचा. नागपुरात १८४५ साली आलेले स्टीफन हिस्लॉप हे फ्री चर्चनेच पाठवलेले. आणि १८७० साली फ्री चर्चच्या सभेने मॉडरेटर म्हणून निवडले ते मुंबईच्या विल्सनना. आपल्या मंडळ्यांत पाळकाला बोलावण्याचा ठराव मंडळीच्या सभेत हात वर करून होतो, तेव्हा त्या हातांमागे ऑक्टरार्डरचे ते २८७ जणही उभे असतात.

चामर्स नव्या मंडळीच्या न्यू कॉलेजचे प्रमुख झाले होते. पण त्यांचे मन अखेरीस पुन्हा गल्लीत गेले. १८४४ साली एडिनबरोतील वेस्ट पोर्ट या अत्यंत गरीब आणि बदनाम वस्तीत, चामड्याच्या एका कारखान्याच्या जागेत त्यांनी शाळा आणि उपासना सुरू केली. ग्लासगोचीच रीत: वस्तीचे लहान विभाग, प्रत्येक विभागाला भेटी देणारा एक माणूस. दोन-अडीच वर्षांत तेथे देऊळ उभे राहिले, आणि २५ एप्रिल १८४७ रोजी तेथील नव्या मंडळीला चामर्स यांनी पहिले प्रभुभोजन दिले. सभेचा पुढारी म्हणून जगाने त्यांना ओळखले, पण या दिवसाचा आनंद त्यांना सर्वांहून मोठा वाटला.

त्यानंतर मे महिन्यात ते लंडनला गेले. जमीनदार देवळांना जागा नाकारतात याची चौकशी पार्लमेंटची एक समिती करीत होती, तिच्यापुढे त्यांनी साक्ष दिली. परतले तेव्हा एडिनबरोत फ्री चर्चची वार्षिक सभा चालू झाली होती. सोमवार, ३१ मे रोजी त्यांनी कॉलेजचा अहवाल सभेपुढे मांडायचा होता. रविवारी ते उपासनेला गेले, संध्याकाळी बागेत फिरले, घरच्यांशी नेहमीसारखे बोलले आणि सकाळी लवकर उठून अहवालाचे काम करायचे म्हणून झोपायला गेले. लिहिण्याचे साहित्य बिछान्याजवळच ठेवले होते.

सकाळी त्यांची हाक आली नाही म्हणून घरातली बाई खोलीत गेली. पडदे बाजूला केले. चामर्स उशांना टेकून अर्धवट बसलेले होते, चेहऱ्यावर वेदनेची खूण नव्हती. प्राण रात्रीच केव्हातरी गेला होता. तिकडे टॅनफील्ड हॉलमध्ये सभासद जमू लागले होते आणि कामकाजाच्या पत्रिकेवर त्यांच्या अहवालाचे नाव होते.